वीस कोरी कार्डं

विजूताई, तुम्ही शेवटचं जे काम सांगितलंत ते मी केलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण मंडळाच्या शोकसभेत सगळे माझ्याबद्दल भलतंच बोलले. मंदाने शेवटपर्यंत सेवा केली, मंदाने ताईंचा शब्द खाली पडू दिला नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून हातातल्या रुमालाची सुरनळी करत होते. शब्द मी खाली पाडला होता. तुमच्या तोंडावर 'नाही' म्हटलं, तुम्ही भिंतीकडे वळलात, आणि चौथ्या दिवशी गेलात. आज तीन आठवडे झाले. मला अजून वाटतं मी बरोबर होते. 

कुलकर्णीकाकू मंडळाच्या अंकासाठी मागे लागल्यात. "एक पान लिही गं, तू रोज होतीस ना तिच्याकडे." एका पानात कसं मावायचं ते? शिवाय माझं शुद्धलेखन सातवीत थांबलेलं. तुम्ही असतात तर लाल पेन घेऊन बसला असतात, आणि मी म्हटलं असतं, आधी वाचा तरी, मग रेघा मारा.

तुमच्याकडे मी आले ती पोळ्या करायला. यांनी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या त्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि कामावर गेले. सगळी घरं एका साच्यातली. मी दोन चुकीच्या दारांच्या बेल वाजवल्या, दोन्हीकडे 'सॉरी, सॉरी' म्हणत मागे सरले. तिसऱ्या दारात तुम्ही. कॉटनची साडी, पायात पुरुषी चपला, नाकावर घसरलेला चष्मा. मला सांगितलं होतं की डॉक्टर बाई आहेत. म्हणून मी पहिल्याच दिवशी कणीक भिजवता भिजवता माझ्या गुडघ्याची तक्रार सांगितली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंदा, मी भाषेची डॉक्टर आहे गं. गुडघ्याला तिळाचं तेल लाव."

भाषेला कसला आजार होतो ते मला कळेना. पण तुम्हाला विचारायची भीती वाटली.

त्याच दिवशी मूसा होता. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला, उंच, इस्त्रीचा शर्ट, समोर टेपरेकॉर्डर. इंजिनिअरिंग शिकायला आलेला नायजेरियाचा मुलगा, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की तो एक शब्द बोलतोय, तुम्ही तो परत बोलताय, आणि तो मान हलवतोय. पुन्हा तो, पुन्हा तुम्ही, पुन्हा नाही. असं किती वेळ चाललं होतं! माझ्या दहा-बारा पोळ्या झाल्या तेवढ्यात. शेवटी मला राहवेना. तव्यावरची पोळी उलटताना मीच तो शब्द म्हणून टाकला, हळूच, स्वतःशी.

मूसा खुर्चीवरून उठला. "ती! ती बोलली! डॉक्टर, ती बाई बोलली!"

तुम्ही स्वयंपाकघरात आलात त्या टेपरेकॉर्डर छातीशी धरूनच. माझे हात पिठाचे. म्हटलं, आता गेलं काम.

"चुकलं का काही, ताई?"

"परत म्हण."

"मी मुद्दाम नाही बोलले हो. तोंडातून निघालं."

"मंदा, परत म्हण!"

त्यातला ब आत ओढायचा होता, एवढंच. तुम्ही बाहेर फेकत होतात. मला तो ब येत होता कारण मी उल्हासनगरची. सातवी झाली, वडील गेले, आणि मी कॅम्पात एका सिंधी घरी पापड लाटायला लागले. तिथे रोज शंभराच्या गड्ड्या मोजायच्या, हिकु, ब, टे, चार, पंज. सिंध्यांचा दोन म्हणजे 'ब', आणि तो घोट घेतल्यासारखा आत जातो. तुमच्यासारखा म्हटला की शेठाणी म्हणायची, "मराठी ब नको, पापड मोडतो." सात वर्षं घोटला तो ब. कुठल्या कुठे कामाला आला! तुम्ही ते ऐकून मटकन टेबलाशी बसलात आणि म्हणालात, "मी तीन युनिव्हर्सिट्यांत हा आवाज शिकले आणि तू पापडांत शिकलीस." त्या दिवशी पोळ्या करपल्या. तुम्ही करपलेल्या खाल्ल्यात.

भाषेचं नाव विचारलं तर तुम्ही म्हणालात, "करेकरे."

"आमच्या चाळीत होते करकरे. रेल्वेत होते. त्यांची वेगळी भाषा आहे?"

तुम्ही इतक्या हसलात की चष्मा आमटीत पडता पडता राहिला. मूसाला सांगितलंत, तर तो गंभीरपणे म्हणाला, असतील, आमची माणसं कुठे कुठे पांगलीत कोण जाणे.

मग तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. आफ्रिकेत चाड नावाचं मोठं तळं आहे, त्याच्यावरून एका भाषांच्या घराण्याला चाडिक म्हणतात. शंभरावर भाषा आहेत त्यात. "हौसा ही थोरली जाऊ. अख्खं घर तिच्या नावाने ओळखतात, बाजारात तिचा शब्द चालतो. करेकरे ही धाकट्या जावांपैकी एक. पोटिस्कुम नावाचं गुरांच्या बाजाराचं गाव आहे, त्याच्या आसपासची. घरात सगळं करते, पण तिचं कुणी विचारत नाही." मला ती भाषा तिथेच आवडली. मी धाकटी जाऊच आहे.

त्यानंतर शनिवार आपले झाले. मूसा बोलायचा, तुम्ही लिहायचात, मी पोळ्या लाटायच्या आणि मध्ये मध्ये ऐकायचं. हळूहळू मी ओट्यापासून टेबलाकडे सरकले. तुमची कार्डं मी वर्ग लावून बुटांच्या खोक्यांत ठेवायला लागले. अकरा खोकी झाली. एका कार्डावर एक वाक्य. वरच्या कोपऱ्यात कोण बोललं, खालच्या कोपऱ्यात कोणी ऐकलं. खालच्या कोपऱ्यात तुम्ही एक दिवस लिहिलंत, 'विजया, मंदा'. मी ते कार्ड घेऊन बाथरूममध्ये गेले आणि रडून आले. रेशनकार्ड सोडून माझं नाव कुठल्या कार्डावर आलं नव्हतं.

तुम्हाला वाटायचं मला व्याकरण कळत नाही, म्हणून तुम्ही सोपं करून सांगायचात. पण मला ते आवडायचं, ताई, खरंच. त्या भाषेत क्रियापदाला एक शेपटी लावली की काम 'इकडे' होतं. घेतलं आणि इकडे आणलं, शिजवलं आणि इकडे घेऊन आले, सगळं त्या शेपटीत. मी म्हटलं, ही शेपटी आपल्याला पाहिजे होती, इथे आलेल्या माणसाला रोज लागते. आणि एकच पोळी लाटली तर क्रियापद वेगळं, लाटत सुटलं तर वेगळं. तुम्ही म्हणालात, "मराठीत नाही बघ असं." मी म्हटलं, "आहे की. सकाळपासून लाटलाट लाटल्या." तुम्ही ते मराठी वाक्य करेकरेच्या कार्डामागे लिहून ठेवलंत. अजून आहे तिथे.

आणि तो चार महिन्यांचा घोटाळा! तो लिहिला नाही तर हे लिखाण खोटं होईल. त्या भाषेत समोरच्याला 'तू' म्हणताना बाई आहे की बाप्या ते बघावं लागतं, दोन वेगळे 'तू' आहेत. हे तुम्हाला पाठ होतं. तुमच्या वहीत त्यावर अख्खं पान होतं. पण मूसा आपल्याशी बोलायचा तो बाईला बोलतात तसा, आणि आपण दोघी त्याच्या तोंडचं उचलून त्यालाच परत द्यायचो. बस, तू खा, तू कशी आहेस, सगळं बाईमाणसाचं. चार महिने तो मिशीवाला पोरगा आपल्या टेबलाशी बाई होऊन बसला. एकदा त्याचा गाववाला मित्र त्याला न्यायला आला, त्याने आपलं बोलणं ऐकलं आणि तो दारातच खाली बसला हसत.

"तू सांगितलं का नाहीस?" तुम्ही चिडून मूसाला विचारलंत.

"तुम्ही डॉक्टर आहात. मला वाटलं, काही संशोधन चालू असेल."

तुम्ही दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणालात, "मंदा, कागदावर बरोबर आणि तोंडात चूक. पीएचडी परत द्यावी का गं?" मी म्हटलं, "ठेवा हो, कुठे द्यायला जाता इतक्या उन्हात."

एक विद्यार्थिनी येत असे तुमच्याकडे, हुशार होती. तिने एकदा काही वाक्यं मनानेच रचून, नियमाप्रमाणे अगदी बरोबर, कार्डांवर लिहून आणली. तुम्ही विचारलंत, "कोण बोललं हे?" ती म्हणाली, कोणी नाही, पण बोलतील तर असंच बोलतील. तुम्ही ती कार्डं तिला परत दिलीत. रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "ज्या दिवशी बोलतील त्या दिवशी घेऊन ये." मी तेव्हा ओट्याशी उभी होते. ते मी गाठीला बांधलं. तुम्हीच बांधायला दिलंत, ताई. नंतर तुम्हीच सोडायला सांगितलंत.

आता त्या वीस कार्डांचं.

तुम्ही एका शनिवारी म्हणालात, आज 'मरणं' घेऊ. पाच-सहा क्रियापदं राहिली होती, त्यातलं ते एक. तो मेला, ती मेली, ते मेले, मूसाने सगळं भराभर सांगितलं. आज, काल, उद्या, नेहमी, चारी काळ. मग तुम्ही म्हणालात, आता 'मी' धरून सांग.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "हे नको."

"उदाहरण आहे रे. नुसतं उदाहरण."

"तुमच्या कागदावर उदाहरण आहे, डॉक्टर. माझ्या तोंडात ते वाक्य होतं."

"बरं, मग 'तू' धरून सांग."

"तुमच्या घरी बसून, तुमचा चहा पिऊन, तुम्हाला म्हणू की तुम्ही मेलात?" तो हसला, पण खुर्ची मागे सरकवली. "दुसऱ्यांचं मला माहीत नाही. माझ्या आईच्या घरात हे कुणी बोलत नाही. समोर बसलेल्या माणसाला तर नाहीच नाही. लहानपणी माझा भाऊ चिडून बोलला होता, आईने त्याला तीनदा चूळ भरायला लावली."

मला लगेच पटलं. तुम्ही नागपूरच्या, तुमच्या घरी काय होतं देवाला ठाऊक, पण आमच्या आईने कधी बांगडी 'फुटली' म्हणू दिलं नाही. बांगडी वाढवली म्हणायचं. दिवा विझवला म्हणायचं नाही. कामाला निघालेला माणूस 'जातो' म्हणाला की आई दारातून ओरडायची, 'येतो' म्हण मेल्या! आता त्या 'मेल्या'चं काय, ते तुम्ही मला हसून विचारलंत. मी म्हटलं, ती शिवी आहे, ती लागत नाही. साधं सरळ म्हटलेलं लागतं.

"तू त्याची वकील होऊ नकोस," तुम्ही म्हणालात.

"वकील नाही हो. शेजारीण."

मी, तू बाई, तू बाप्या, आम्ही, तुम्ही. अशी पाच, प्रत्येकाचे चार काळ. वीस कार्डं तुम्ही मथळा घालून कोरी ठेवलीत. दर दोन-तीन महिन्यांनी त्याला हळूच विचारायचात आणि तो हळूच नाही म्हणायचा. मला ते बघायला मजा यायची. दोघंही हट्टी, दोघंही नम्र.

मग तेलाचे भाव पडले. ह्यूस्टनमध्ये धडाधड लोकांचे जॉब गेले, आमच्या यांचाही आठवडा तीन दिवसांवर आला. मूसाचे घरून येणारे पैसे थांबले आणि तो शिक्षण अर्धं टाकून परत गेला. जाताना 'येतो' म्हणाला, मराठीत. मीच शिकवलं होतं. त्यानंतर त्याची दोन पत्रं आली, मग काही नाही.

आणि मग तुमचं पोट दुखायला लागलं.

हॉस्पिटलला मी रोज येत होते ते तुमच्यामुळे. फ्रीवेवर गाडी घालायला तुम्हीच शिकवलंत. मी रडत होते स्टिअरिंग धरून, ट्रक अंगावर येत होते, आणि तुम्ही शेजारी बसून मला क्रियापदांची रूपं म्हणायला लावत होतात, म्हणजे घाबरायला वेळ मिळणार नाही. अजूनही लेन बदलताना माझ्या तोंडात करेकरे येते. हे ऋण मी मानते. सगळ्यांसमोर मानते. तुम्ही नसतात तर मी या देशात अकरा वर्षं काढून एक खिडकी आणि एक ओटा पाहिला असता.

म्हणूनच त्या दिवसाचं लिहायचं मी इथवर लांबवलं.

तुम्ही नर्सला बाहेर पाठवलंत आणि मला दार लोटायला सांगितलंत. टेपरेकॉर्डर मला आणायला लावला होता तो उशीजवळ होता. हातात एक कागद, त्यावर वीस ओळी. अक्षर पार गेलेलं.

"मंदा, तुझा ब मूसाच्या तोडीचा आहे. सूरही. उच्चारात कुणाला फरक कळणार नाही. एवढं म्हणून टाक. कार्डांवर मूसाचं नाव घालू, त्याला पत्र टाकून कळवू."

मी कागद वाचला. वाचता येत होतं मला, तुम्हीच शिकवलंत. पहिलीच ओळ, 'तू' धरून, बाईला म्हणायचा 'तू'.

"मी नाही म्हणणार."

"का?"

"तो नाही म्हणाला होता."

"तो इथे नाही."

"म्हणून तर."

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "रूपांच्या टेबलात भोकं आहेत, मंदा. पुस्तक असं जाणार नाही. वीस वर्षं गेली माझी त्यात. माझ्याकडे दिवस नाहीत. मी मरतेय गं."

"मला दिसतंय, ताई. तुमच्या उशाशी बसून मी तुम्हालाच ते वाक्य म्हणू? चार काळांत?"

"ते उदाहरण आहे!"

"माझ्या तोंडात नाही."

त्यावर तुम्ही जे बोललात ते मी शोकसभेत सांगितलं नाही. इथे लिहिते, कारण माझं भांडण तुमच्याशी आहे आणि ते मी तुमच्या पाठीमागे करणार नाही. तुम्ही म्हणालात, "शिकलेली असतीस तर समजलं असतं." आणि भिंतीकडे वळलात.

मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. पाणी हवं का विचारलं, तुम्ही मान हलवलीत. उरलेले चार दिवस आपण पाणी, उशी, खिडकीचा पडदा एवढंच बोललो. मी एकदा तुमचे पाय चेपले, तुम्ही पाय ओढून घेतले नाहीत. त्याचा काय अर्थ लावायचा? मी रोज वेगळा लावते.

नाही शिकले, विजूताई. आठवीचं तोंड पाहिलं नाही. पण 'कोण बोललं हे' असं त्या पोरीला तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथे होते. ते शिकायला पदवी लागत नाही, कान लागतात, आणि कानांसाठीच तुम्ही मला टेबलाशी बसवलंत. तुम्ही घाबरला होतात. मी जन्मभर सगळ्याला घाबरत आलेली बाई, फोनला घाबरते, पोस्टमनला घाबरते, मला घाबरलेलं माणूस ओळखू येतं. घाबरलेल्या माणसाचं सगळं ऐकायचं नसतं. त्याचा हात धरायचा असतो. तो मी धरला होता. तुम्ही सोडवून घेतलात.

एवढं बोलून झालं. आता पुढचं ऐका.

परवा रविवारी तुमच्या डिपार्टमेंटचे डॅन आले, खोकी न्यायला. माणूस वाईट नाही. येताना ॲपल पाय, त्यांचा तो गोड पदार्थ, आणला, बूट दारात काढले, पोहे मागून घेतले. खोकी आमच्या बैठकीत कोचाच्या मागे आहेत, तुम्हीच आणून ठेवलीत आजारपणात. आमचे हे म्हणत होते, देऊन टाक, आपल्याला काय कळतं त्यातलं. कुलकर्णीकाकूही तेच म्हणाल्या. डॅन खाली बसून एकेक खोकं उघडत होते आणि "माय गॉड" म्हणत होते. वर्ग लावलेले बघून विचारलं, हे कोणत्या स्टुडंटने केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं.

मग ते त्या वीस कार्डांशी आले.

"ही कोरी का?"

माझं इंग्लिश तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, "ही सेड नो."

त्यांनी दोन-चार कार्डं पुढची मागची बघितली, हसले, म्हणाले काही प्रॉब्लेम नाही. बाकीच्या क्रियापदांवरून ही रूपं सरळ बनतात, दहा मिनिटांत भरता येतील. खिशातून पेन काढलं.

"भरू नका," मी म्हटलं.

"पण रूपं काय आहेत ते मला कळतंय."

"मलाही कळतंय." आणि मी त्यांना दोन म्हणून दाखवली, पण 'मरणं'ची नाहीत, 'येणं'ची. त्यांचं पेन थांबलं.

ते नम्रपणे समजावू लागले. अपुरं टेबल कोणी छापत नाही, डॉक्टर विजयांचं आयुष्यभराचं काम पडून राहील, तुम्हाला तसं हवंय का? हे बरोब्बर लागलं मला. कारण तुम्ही हेच म्हणाला होतात, ताई, जवळजवळ याच शब्दांत, आणि पुस्तक खरंच नाही आलं तर ते माझ्यामुळे. मला उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं. तिथे मला सगळं येतं.

मग ते म्हणाले, आपण असं करू, प्रत्येक रूपाआधी एक छोटी चांदणी छापू.

"चांदणी म्हणजे काय?"

"म्हणजे हे प्रत्यक्ष कोणी बोललेलं नाही."

"मग छापता कशाला?"

खरं सांगते, मला त्यांची दया आली. त्यांनी ॲपल पाय आणला होता.

मी ती वीस कार्डं त्यांच्या समोरून उचलली. त्यांचंच पेन मागितलं. कोचाच्या कडेला बसून एकेकावर लिहायला घेतलं, देवनागरीत, शाळेतल्यासारखं रेघ ओढून. 'मूसाला विचारलं. त्याच्या आईच्या घरी हे बोलत नाहीत, म्हणून बोलला नाही. विजयाताईंनी पुन्हा पुन्हा विचारलं. ऐकायला मी होते. मंदा.' वीस वेळा. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. डॅनचा चहा गार झाला. तुमचा तो कागदही पर्समधून काढून पहिल्या कार्डाला टाचला, मागे लिहिलं की हे विजयाताईंनी दवाखान्यात लिहून दिलं, कोणी बोललं नाही. तुमची चूक मी लपवली नाही. पोटच्या मुलीने लपवली असती कदाचित. मी मुलगी नाही, पोळ्यावाली आहे. आणि त्या टेपांवर जो कोणी कान लावेल त्याला वाटायला नको की आपण तिघं मिळून काही बनवाबनवी करत होतो.

डॅननी पहिलं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हे मी छापू कसं? हे काय आहे?"

"डेटा," मी म्हटलं. हा शब्द मी तुमच्याकडूनच घेतला.

त्यांनी मला ते वाचून अर्थ सांगायला लावला. मी सांगितला, अडखळत, दोनदा. त्यांनी त्यांच्या वहीत लिहून घेतला आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, टेबलाखाली टीप म्हणून जाईल कदाचित. संपादक विचारतील. ही मंदा कोण, तिचं शिक्षण काय, तिच्यावर विश्वास का ठेवायचा.

"विचारतीलच," मी म्हटलं. "त्यांना माझा नंबर द्या. मला इंग्लिश फोन उचलायची भीती वाटते, अकरा वर्षांत मी यांच्याशिवाय एकही उचललेला नाही. पण हा उचलीन. त्यांना सांगा, सकाळी दहानंतर करा, पोळ्या झाल्यावर."